महाराजांचा हार आणि सायकलींचा सिग्नल

एका जंगलात एक चौक होता. जंगलात चौक कसा, असं विचारू नका. चार वाटा एकमेकींना छेदल्या की चौक होतो, आणि चौक झाला की भांडणं होतात. तिथे जांभळाचं एक जुनं झाड होतं, म्हणून सगळे त्याला जांभूळचौक म्हणत.

या जंगलातले मोठे प्राणी पायी जात. गवे, रानडुकरं, अस्वलं वगैरे. पायी जात म्हणजे चालत नसत, धावत. कुठे जायचं हे त्यांना नीटसं माहीत नसे, पण लवकर पोचायचं असे. लहान प्राणी सायकलवर जात. ससे, खारी, साळिंदरं, मुंगसं. मुंगसाचे पाय पेडलला कसे पोचतात, हेही विचारू नका. गोष्ट ऐकायची असेल तर तोंडावर बोट ठेवा.

तर या जंगलात हौसाक्का नावाची एक मुंगसीण राहायची. ती सुईण होती. साप सोडले तर अर्ध्या जंगलाची बाळंतपणं तिच्या हातची. सापांनी तिला कधी बोलावलं नाही, आणि तीही कधी आपण होऊन गेली नाही. सायकलच्या हँडलला तिची पिशवी लटकलेली असे. पिशवीत ओवा, हळद, खोबरेल तेल आणि नाळ कापायला एक धारदार शिंपला. निरोप आला की आक्का पदर खोचायची आणि निघायची.

तिचं घर चौकाच्या अलीकडे होतं. बहुतेक बाळंतपणं पलीकडे. त्यामुळे चौक ओलांडणं आलंच.

आता गव्यांची एक सवय सांगतो. डावीकडे वळताना ते उजवीकडे बघायचे. उजवीकडून कोणी आपल्याहून मोठा येत नाही ना, एवढीच त्यांना काळजी. आणि सायकली तर रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ चाललेल्या. डावीकडे कोणी आहे हे गव्याला शिंगाला काहीतरी अडकल्यावर कळायचं. मग तो म्हणायचा, "दिसलंच नाही." खरंच दिसलेलं नसायचं. बघितलंच नव्हतं तर दिसणार कसं?

एके दिवशी दणगट नावाचा एक गवा असाच वळला आणि हौसाक्काच्या मागच्या चाकाचा पापड झाला. आक्का करवंदीच्या जाळीत पडली म्हणून वाचली. अंगातले काटे काढले, वाकडं चाक डोक्यावर घेतलं आणि ती थेट सिंहमहाराजांच्या दरबारात गेली.

"म्हाराज, आज चाक गेलं. उद्या मी जाईन," ती म्हणाली. "माजी लेक सुगंधा पोटुशी हाय. पयलंच हाय तिचं. त्येवढं बाळंतपण माज्या हातनं हुऊ द्या. मग काय व्हायचं ते हुंदे."

महाराज नुकतेच परदेशी जंगलांचा अभ्यासदौरा करून आले होते. सोबत राणीसाहेब, राणीसाहेबांची बहीण आणि सचिव कोल्हा. अभ्यास खूप झाला होता. पिशव्या अजून उघडायच्या होत्या.

"आम्ही तिकडे पाहिलं आहे," महाराज म्हणाले. "सायकलींना वेगळा पट्टा असतो. वेगळा सिग्नल असतो. आधी सायकली सुटतात. त्या पार झाल्या की मग मोठे निघतात. तिकडे हत्तीसुद्धा थांबतात."

"हत्ती का थांबत्यात, म्हाराज?"

"सिग्नल असतो म्हणून."

"आन् आपलं गवं थांबतील?"

"सिग्नल लावल्यावर का नाही थांबणार?" महाराज म्हणाले, आणि सचिव कोल्ह्याने मान डोलावली. महाराज बोलले की तो मान डोलावायचा. तो त्याच्या कामाचाच भाग होता.

काम धडाक्यात सुरू झालं. सायकलींचा पट्टा हिरवा हवा, म्हणून त्यावर शेवाळ अंथरलं. त्यावरून सायकली घसरू लागल्या, पण पट्टा हिरवा दिसत होता याबद्दल दुमत नव्हतं. चौकात उंच खांब रोवला. सिग्नल म्हणून बबन नावाच्या तरुण सरड्याची नेमणूक झाली. रंग बदलणं ही त्याची जन्मजात पात्रता होती.

बबन गुणी होता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण सरड्यांविषयी लोक काहीही बोलतात. त्याने नियम तोंडपाठ केले होते. आपण हिरवं झालो की सायकली सुटणार आणि मोठे थांबणार. आपण लाल झालो की सायकली थांबणार आणि मोठे जाणार. मधे थोडा वेळ पिवळं व्हायचं, म्हणजे आता बदल होतोय, सगळ्यांनी जपून. घरच्या कुंपणावर त्याने इतका सराव केला की त्याच्या आईला गरगरायला लागलं.

उद्घाटनाला सगळं जंगल लोटलं. महाराजांची एक पद्धत होती. ज्याचं उद्घाटन करायचं त्याला ते स्वतःच्या हाताने हार घालत. पुलाला हार, पाणवठ्याला हार, एकदा तर कचऱ्याच्या ढिगालाही. आजचा हार खास होता. परदेशातून आणलेला, पिवळ्या झेंडूचा, पण प्लास्टिकचा. त्यामुळे सुकायची भीती नव्हती. महाराजांनी तो बबनच्या गळ्यात घातला. हार मोठा आणि बबन टीचभर, म्हणून तीन वेढे द्यावे लागले. सुतारपक्ष्याने त्या प्रसंगाचं चित्र जांभळाच्या खोडावर कोरलं. टाळ्या झाल्या. महाराज गेले.

हारातून बबनचं नाक तेवढं दिसत होतं.

बबन आत लाल झाला. बाहेरून झेंडू दिसला. बबन हिरवा झाला. बाहेरून झेंडूच. चौकात कायमचा पिवळा सिग्नल लागला.

आणि या जंगलात पिवळ्याचा अर्थ पाठ्यपुस्तकात एक होता, चौकात दोन. लहान प्राण्यांना वाटे, बदल होतोय, आपण थांबावं. मोठ्यांना वाटे, बदल होतोय, त्याआधी निसटावं. त्यामुळे सायकली थांबल्या त्या थांबल्याच. गवे मात्र पूर्वी धावायचे ते आता उधळायला लागले.

"साहेब, तेवढा हार काढून टाका की," एक साळिंदर कोल्ह्याला म्हणालं.

"महाराजांच्या हातचा हार?" कोल्ह्याने कानाला हात लावला. "तो काढायचा तर महाराजांच्याच हाताने."

"मग बोलवा त्यांना."

"महाराज हार घालायला येतात. हार काढायचा समारंभ तुम्ही कुठे ऐकलाय का? पत्रिकेत काय छापायचं?"

 मग साळिंदराने खांबाकडे बघून बबनलाच हाक मारली. बबन हारातून म्हणाला, "मी अजून कायम झालेलो नाय, दादा. पयल्याच म्हैन्यात म्हाराजांचा हार काढला तर घरी बसवतील."

मग चौकाच्या अलीकडे सायकलींची रांग लागली. माणसाची जात असो की प्राण्याची, रांग लागली की तिथे चहा येतो. एका खारीने टपरी टाकली. सशांनी पत्ते काढले. शेवाळाचा पट्टा रिकामाच पडून होता, तर दमलेले गवे त्यावर रवंथ करत बसू लागले. थंडगार असायचा तो.

थोड्या दिवसांनी घुबडाने पाहणी अहवाल वाचून दाखवला. सिग्नल लागल्यापासून जांभूळचौकात एकाही सायकलला अपघात झालेला नाही. दरबारात पेढे वाटले गेले. एकही सायकल जागची हललेली नाही, हे अहवालात नव्हतं. तसं कोणी विचारलंही नव्हतं.

हौसाक्का रोज रांगेत उभी राही. पलीकडून निरोप येत. अस्वलीण अडली, सांबरीण अडली. आक्का पिवळ्याकडे बघे, उधळलेल्या गव्यांकडे बघे आणि जीव मुठीत धरून तिथेच थांबे. बाळंतपणाला माहेरी आलेल्या सुगंधाचे दिवस भरत आले होते. आज पलीकडे जाताना आपण चिरडलो तर उद्या तिच्याजवळ कोण बसणार, हा तिचा हिशेब. त्यामुळे पलीकडची बाळं आक्कावाचून जन्माला येऊ लागली. काही नीट आली. काही नाही आली. ते ऐकून आक्का टपरीवरचा चहाही घेत नसे.

अशात एका सकाळी दरबाराचा कावळा आला.

"आक्का, चल. राणीसाहेबांना कळा सुरू झाल्या."

"यीन की. पर पिवळा हाय."

"अगं, राणीसाहेब आहेत."

"गव्यांना ते कसं कळंल?"

कावळा उडाला. थोड्या वेळाने स्वतः महाराज धापा टाकत चौकात आले. आयाळ विस्कटलेली, चेहरा उतरलेला. बायको अडली की सिंहाचाही ससा होतो. त्यांनी चौकाच्या मधोमध उभं राहून एक गर्जना केली. सगळे गवे जागच्या जागी खिळले. हौसाक्का पेडल मारत निघाली.

"म्हाराज, आलाच हायसा तर तेवढा हार..." ती जाता जाता म्हणाली.

"आधी राणी, मग हार," महाराज म्हणाले, आणि तिच्या पुढे धावले.

बाळ पायाळू होतं. आक्काने शिकस्त केली. दुपारपर्यंत छावा जन्मला, राणीसाहेब सुखरूप सुटल्या, आणि महाराज आनंदाने वाजतगाजत डोंगरापलीकडे पेढे वाटायला निघून गेले. हार राहिला.

आक्का हात धूत होती, तेवढ्यात तोच कावळा पुन्हा आला. आता त्याचा आवाज उतरला होता.

"आक्का, सुगंधाला कळा लागल्या. तुझं नाव घेतेय."

आक्का सायकल घेऊन चौकात आली. घर समोर दिसत होतं. मधे गवे. तिने कोल्ह्याला गाठलं.

"सायेब, म्हाराजांना बोलवा. येक डरकाळी फोडू द्या."

"महाराज डोंगरापलीकडे आहेत. गर्जना हा त्यांचा एकट्याचा अधिकार," कोल्हा म्हणाला. "मी फार तर कोल्हेकुई करू शकतो."

तो तसा वाईट नव्हता. त्याने करून पाहिली. एका रानडुकराने मान वळवली, आणि ते पुढे गेलं.

हौसाक्काला रडू आलं. जंगलभराच्या लेकींची बाळंतपणं केली, आणि स्वतःच्या लेकीसाठी एवढासा चौक ओलांडता येईना. मग तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि ती खांबावर चढली.

"आक्का, माजी नोकरी," बबन आतून म्हणाला.

"तू डोळं मीट, बाबा. तू काय बघितलंच नाईस."

बबनने एक डोळा मिटला. सरड्याचा दुसरा डोळा पहिल्याचं कधी ऐकत नाही, पण तोही त्याने दुसरीकडे फिरवला. आक्काने तिन्ही वेढे सोडवले आणि हार काढला.

आता हार ठेवायचा कुठे? महाराजांच्या हातचा हार जमिनीवर टाकला तर पायदळी जाणार. आक्का संस्कारी होती. तिने तो स्वतःच्या गळ्यात घातला, खाली उतरली आणि सायकलवर बसली.

बबन नेमणूक झाल्यापासून पहिल्यांदाच उघडा झाला होता. त्याने जीव ओतून हिरवा रंग काढला. कोवळ्या भातासारखा हिरवा. त्या हिरव्याकडे एकाही गव्याने पाहिलं नाही.

दणगट वळत होता. उजवीकडे बघत होता. पण हारावर ऊन पडलं आणि त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं. त्याने डावीकडे मान वळवली. हा त्याच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. त्याने चारही खूर रोवले.

"कोण हो त्या?" मागच्या गव्याने विचारलं.

"ठाऊक नाही. पण गळ्यात हार आहे. म्हणजे कोणीतरी असणार."

"पक्षातल्या आहेत का?"

"मागे हो आधी, मग विचार."

गवे मागे सरले. डुकरं कडेला झाली. शेवाळावर रवंथ करत बसलेले दोघे तिघे लगबगीने उठले आणि त्यांनी शिंगं खाली घातली. एक म्हातारा गवा तर म्हणाला, "ताई, आमच्या भागात कधी येताय?" आक्काने घंटी वाजवली आणि ती सरळ पार झाली. तिला उत्तर द्यायला वेळ नव्हता.

सुगंधाला मुलगी झाली. आक्काने तिला कपड्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या प्रत्येक सायकलवाल्याच्या गळ्यात हार होता. कोणाचा तेरड्याचा, कोणाचा कण्हेरीचा. एका सशाने घाईत मेथीची जुडीच ओवून घातली होती. तीही चालली. गवे प्रत्येकाला वाट देत होते आणि हे सगळे कधी मोठे झाले, म्हणून चकित होत होते. कोल्ह्याने महाराजांना कळवलं की सिग्नल उत्तम चालू आहे. बबनची नोकरी कायम झाली. तो दिवसभर मन लावून लाल, पिवळा, हिरवा होत असे. त्याच्याकडे कोणी बघत नसे, पण त्याची आई अभिमानाने सगळ्यांना सांगत असे.

तात्पर्य: मुलांनो, सायकलवर चौकात गेलेल्याला हार चुकत नाही. तो घरच्यांनी आपल्या फोटोला घालण्याआधी आपणच गळ्यात घालून निघावे.