उजव्या मोज्यातली सुरी

चाळीस वर्षं मी किल्ट, म्हणजे आमच्याकडचा पुरुषांचा चौकड्यांचा घागरा, घालतो आहे. उन्हाळ्यात त्याच्याबरोबर पायांत काय घालावं हे मला कोणी शिकवू नये! असं मी लेकीच्या लग्नाच्या सकाळी घरात जाहीर केलं.

जुलै महिना, अठ्ठावीस अंश! एवढ्या उन्हात आमच्या पर्थशायरच्या डोंगरावर मेंढ्यासुद्धा सावलीसाठी भांडतात. आणि रिवाज म्हणतो, गुडघ्यापर्यंत जाड लोकरीचे मोजे घाला, वर घोट्याभोवती नाड्या गुंडाळायचे कातडी बूट.

"मी सँडल घालणार," मी म्हणालो.

"घाल की," माझी बायको सेंगा म्हणाली. "आपल्या व्हारीला चर्चच्या वेदीपर्यंत मी नेते. तू बाहेर मेंढ्यांत उभा राहा."

तडजोड झाली. बूट रिवाजाचे, मोजे माझ्या पसंतीचे. सुती, तलम, नवे कोरे! सेंगाने ते चिमटीत धरून पाहिले.

"यांत सुरी राहायची नाही."

"राहील!"

उजव्या मोज्यात छोटी सुरी खोचल्याशिवाय आमच्याकडे नवरीचा बाप पुरा होत नाही. माझी सुरी आजोबांची. तिने हरणं सोलली आहेत, आणि तिचं म्यान टोकाशी कधीच उसवलंय. सेंगाने स्वतःच्या हाताने ती मोज्यात खोचली. वर नुसती मूठ दिसत राहिली. काय रुबाब!

चर्चच्या दारात व्हारीने माझा दंड धरला. "बाबा, आज एक दिवस गंमत नको. माझ्या होणाऱ्या सासूबाईंना, इनिसच्या आईला, आपण आधीच गावंढळ वाटतो."

"अगं, मी फक्त चालणार आहे!"

पुढे बॅगपाइप वाजवत आमचा शेजारी स्ट्रुअन, मागे आम्ही. पहिल्याच पावलाला मूठ दिसेनाशी झाली. मोजा घामाने चिंब झाला होता आणि सुरी पोटरीवरून घसरगुंडी खेळत निघाली होती! तिसऱ्या पावलाला ती घोट्यापाशी नाड्यांत अडकली. आणि टोचलं.

चौथ्या पावलाला परत टोचलं. बुटात काहीतरी कोमट ओघळत होतं.

रक्त!

घोट्यापाशी मोठी शीर असते, हे मला शाळेत शिकवलं होतं. त्या दिवशी शाळेत गेलोच कशाला, असं झालं! थांबलो तर पोरीच्या लग्नाचा विचका, चाललो तर माझा. मी ठरवलं, आधी व्हारीला पोचवायचं, मग मरायचं.

"स्ट्रुअन, हळू!" मी पुटपुटलो. तो हळू झाला. "अजून हळू!"

एवढ्या संथ चालीचं स्ट्रुअनला एकच वाजवता येतं. मयताचं. त्याने तेच सुरू केलं. उभ्या मंडळींनी माना खाली घातल्या. एका म्हाताऱ्याने तर टोपी काढली!

"बाबा, काय चाललंय हे?"

"व्हारी, माझ्याकडे फार वेळ नाही. सुखी राहा."

पोरीला रडू फुटलं. ते पाहून पहिली रांग रडली, मग दुसरी. हुंदके साथीच्या रोगासारखे पसरत गेले. एडिंबराच्या विहीणबाई, ज्यांच्या चेहऱ्यावरची इस्त्री साखरपुड्यातही मोडली नव्हती, त्या रुमालात नाक खुपसून बसल्या. शेजारी व्याही, म्हणजे गुरांचे डॉक्टर, माझा पाय न्याहाळत होते.

"उजवा गेलाय," ते कुजबुजले. गोठ्यात कुजबुजायची सवय असल्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. "घोडा असता तर मी काय केलं असतं, ते आज नको."

कसाबसा पोचलो. व्हारीचा हात इनिसच्या हातात दिला आणि बाकावर कोसळलो. शपथा चालू असताना मी मनात मृत्युपत्र करत होतो. माझा मासेमारीचा गळ स्ट्रुअनला द्यायचा नाही, एवढंच नक्की झालं.

सह्या झाल्यावर मला मागच्या खोलीत नेलं. सोबत सेंगा आणि व्हारी. व्याह्यांनी माझा पाय नाल ठोकायला धरावा तसा गुडघ्यांत धरला आणि नाड्या सोडल्या. मी डोळे मिटले.

"हा घाम आहे," व्याही म्हणाले.

"आणि टोचतंय ते?"

त्यांनी मोज्यातून काहीतरी उपटलं. दुकानाच्या किमतीच्या चिठ्ठीचा प्लास्टिकचा काटा! मागोमाग सुरी निघाली. म्हणजे नुसती मूठ. खाली पातंच नव्हतं!

"भाड्याने पोशाख देणाऱ्या दुकानातून आणलीय," सेंगा म्हणाली. "भर चर्चमध्ये तुझ्या पायात खरं पातं देईन होय मी? आजोबांची सुरी स्वयंपाकघरात आहे. सकाळी तिनेच मासा कापला."

हरणं सोललेल्या त्या सुरीला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटली असेल.

व्हारीने डोळे पुसले. "बाबा, बाहेर अख्खं चर्च रडतंय. सासूबाई म्हणतात, जखमी पायाने लेकीला पोचवणारा असा बाप त्यांनी जन्मात पाहिला नाही. यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये. लंगडायचं!"

"जनावराचं गुपित मी कधी फोडत नाही," व्याही गंभीरपणे म्हणाले.

मग काय, लेकीच्या सुखासाठी मी संध्याकाळभर मनापासून लंगडलो. नाच टाळला. विहीणबाईंनी स्वतः मला खुर्ची दिली, पायाखाली उशी दिली, ताट वाढून आणलं. "तुमच्यासारखी माणसं हल्ली राहिली नाहीत हो," म्हणाल्या. मी तिसरा व्हिस्कीचा पेला ओठांना लावला, तेवढ्यात त्यांची नजर उशीवरच्या पायावर गेली आणि चेहऱ्यावरची इस्त्री हळूहळू परत आली.

"पण सकाळी उजवा होता ना?"