मारुतरावांनी कादंबरीचा दर्जा वाढवला

बायकोला पुरस्कार मिळतोय तर तो जरा इभ्रतीचा मिळावा, एवढंच मारुतरावांच्या मनात आलं. घोळ तिथूनच सुरू झाला.

प्रभावतीबाईंनी रहस्यकादंबरी लिहिली होती. पुनावळ्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाने तिला पुरस्कार दिला, पण 'मनोरंजन' विभागात. म्हणजे स्टीलचा डबा आणि गुलाबाचं फूल. शाल-श्रीफळ फक्त सामाजिक कादंबरीला. मारुतरावांनी सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून काढलेली. दुसऱ्यांचा माल ते नाकारायचे. त्यांच्याच घरचा माल हलक्या ग्रेडला?

"खून, विष, पोलीस. याला साहित्य कोण म्हणणार?" ते बायकोला म्हणाले.

"तुम्ही वाचलीत का?"

"वाचायला कशाला पाहिजे?" (कंपनीत ते एकेक नट हातात घेऊन बघत. पण नट दोनशे पानांचा नसतो.)

"मग राहू द्या. डबा कामाचा आहे."

मारुतराव राहू देणाऱ्यातले नव्हते. ते तडक संघाच्या अध्यक्षांकडे, दादासाहेबांकडे गेले. "खून नावापुरता आहे हो. बाकी सगळा संसार आहे. हिने घरात बघून लिहिलंय. अक्षर न् अक्षर खरं."

"खरं?"

"माझी सही घ्या."

दादासाहेबांनी चष्मा काढला आणि त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग फार मऊ आवाजात म्हणाले, "बसा. चहा घ्या."

कादंबरी सामाजिक विभागात गेली. समारंभाला हॉल भरला. प्रभावतीबाईंच्या खांद्यावर शाल पडली, मारुतरावांची मान ताठ झाली आणि दादासाहेब बोलायला उभे राहिले.

"या कादंबरीतला नवरा भाकरीला फूटपट्टी लावतो. करपलेल्या पोळीवर खडूने फुली मारतो. पाहुण्यांदेखत बायकोच्या भाजीला 'रिजेक्ट' म्हणतो. एक दिवस ती त्याला काढ्यातून विष देते. रहस्यकथा म्हणून वाचलं तेव्हा आम्ही हसलो. म्हटलं, असा माणूस कुठे असतो? पण खुद्द मारुतरावांनी घरी येऊन सांगितलं, हे सगळं खरं आहे. तेव्हा आमचे डोळे उघडले."

अख्खा हॉल मारुतरावांकडे वळला.

"मी खडू वापरत नाही," ते शेजारच्याला म्हणाले.

"मग?"

"पोळी नुसती बाजूला ठेवतो."

शेजारचा एक खुर्ची सोडून बसला.

'वाचकांचे प्रश्न' म्हटल्यावर गावठाणातल्या सोजराबाई उठल्या. त्यांनी सगळी कादंबरी सुनेकडून वाचून घेतली होती. "परभावतीबाई, मला येकच पटलं न्हाई. त्यो मरतोय शंभराव्या पानावर. असल्या माणसाला माराया इतकी पानं कशापायी?"

प्रभावतीबाईंनी शाल नीट केली. "शंभर पानांचं काय घेऊन बसलात, सोजराबाई? मी चाळीस वर्षं थांबलेय."

टाळ्या थांबेनात. मारुतराव पहिल्या रांगेत आणि फोटोवाला नेमका समोर. टाळ्या न वाजवून करतात काय?

तो फोटो संघाच्या फलकावर लागलाय. त्यात सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवणारे तेच दिसतात.