चोवीस भोकांचे देवरे

देवरे कुणी भेटलं की नमस्कार करत नसत. "सेव्ह मारलं का?" असं विचारत. मी अकाउंट्सला, दिवसभर बिलं चढवत बसलेली, त्यामुळे मला विचारलं तर एकवेळ समजू शकते. पण चहा घेऊन येणाऱ्या शिपायालाही तेच. माझ्या बहिणीच्या लग्नात स्टेजवर चढले, नवरदेवाचा हात हातात घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "सेव्ह मारलं का?" तो बिचारा घाबरून "हो" म्हणाला.

अंबडला आमचा व्हॉल्व्ह बनवायचा कारखाना. घरोघरी अजून कॉम्प्युटर आले नव्हते, पण ऑफिसात नुकते आले होते, आणि ते सांभाळायला सटाण्याकडचे हे देवरे. उंच, किडकिडीत, खिशाला पेनाऐवजी स्क्रूड्रायव्हर. जिन्याखालच्या खोलीत त्यांचा स्विच असे. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे बरं का. पसरट लोखंडी डबा, त्याला चोवीस भोकं, आणि एकेका भोकातून एकेकाच्या कॉम्प्युटरला गेलेली वायर. भोक म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे. "पोर्ट म्हणा, ताई. भोकं मेदूवड्याला असतात."

त्या खोलीत चप्पल काढून जायचं. शिंक आली तर बाहेर येऊन शिंकायचं. प्रत्येक पोर्टला त्यांनी डब्याच्या आत माणसाचं नाव टाईप करून दिलं होतं. नवा माणूस लागला की पोर्ट उघडून त्याचं नाव घालायचं. कुणी गेला की त्याच दिवशी नाव पुसायचं आणि पोर्ट बंद. "रिकामा पोर्ट उघडा ठेवला तर कुणीही वायर खुपसून आत शिरंल," असं ते इतक्या कळकळीने सांगत की जणू मीच खुपसणार होते.

एकदा त्यांनी मला डब्याचा स्वभाव समजावला. आपण जे टाईप करू ते तो लगेच मानतो, पण तोंडावर. सेव्ह केलं नाही आणि वीज गेली, तर नवं सगळं विसरतो आणि मागच्या वेळी सेव्ह केलेलं तेवढंच धरून उठतो. "आमच्या थोरल्या काकासारखा," मी म्हटलं. ते हसले नाहीत. डब्याची थट्टा त्यांना चालत नसे.

त्यांच्याशी थट्टा करू शकणारा एकच माणूस होता, स्टोअरचे सलीमभाई. रोज सकाळी स्टोअरमधून फोन यायचा, "देवरे, तेरा डब्बा बंद पड गया." देवरे धावत जायचे. डब्याला काहीही झालेलं नसायचं. सलीमभाईंनी चहा मागवलेला असायचा. दुपारी दोघं एकत्र जेवायचे आणि भांडायचे, इतकं की मला वाटे आता हे उद्यापासून बोलायचे नाहीत.

ऐन उन्हाळ्यात सलीमभाई घरीच, झोपेत गेले. मातीहून परतल्यावर देवरे तडक जिन्याखाली गेले, पोर्टवरचं नाव पुसलं, पोर्ट बंद केला. डोळ्यांत टिपूस नाही. स्टोअर नंतर मागच्या शेडमध्ये हललं, त्याला नवी वायर गेली. सगळे म्हणाले, माणूस आहे की दगड. त्यानंतर एवढंच झालं की लाईट गेली की देवरे जेवणावरून उठून खोलीकडे पळायचे, डब्याला जोडलेली बॅटरी चालू आहे ना बघायला. आम्ही म्हटलं, वय झालं, वेड वाढलं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे सगळी यंत्रं बंद. पुसायची, हार घालायचे, पूजा करायची. देवऱ्यांचा स्विच मात्र चालूच राहायचा, ते लांबूनच फूल वाहायचे. त्या वर्षी ते घटांसाठी गावी गेले होते. आमचे इलेक्ट्रिशियन बोराडे भाविक माणूस. "यंत्राला वर्षातून एक दिवस तरी सुट्टी नको का?" म्हणत त्यांनी बॅटरीसकट सगळं बंद केलं, डबा ओल्या फडक्याने पुसला, हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार घातला. डबा नवरीसारखा दिसत होता.

दसऱ्यानंतर ऑफिस उघडलं आणि बोंब झाली. उन्हाळ्यानंतर लागलेल्यांचे सगळे कॉम्प्युटर गप्प. नवं स्टोअरही गप्प. मॅनेजरसाहेब जिन्याखाली येऊन उभे राहिले. माझी बिलं अडकलेली, म्हणून मीही. गावाहून परतलेल्या देवऱ्यांनी निळी वायर जोडून डब्यातली नावं पडद्यावर आणली. नव्यांपैकी एकाचंही नाव नाही. आणि मधोमध, पोर्ट उघडा, नाव 'सलीमभाई'.

"देवरे, हे पुसलं होतं ना?"

"पुसलं होतं, साहेब. सेव्ह केलं नाही."

"तेव्हापासून एकदाही नाही? तुम्ही?"

"चूक माझी आहे."

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "जेवणापर्यंत सगळं सरळ करून सेव्ह करा. यापुढे रोज सेव्ह झालं पाहिजे," आणि गेले.

देवरे एकेक नाव पुन्हा घालत सुटले. बोटं भराभर चालली होती. सलीमभाईंच्या पोर्टवर येऊन थांबली.

"त्या दिवशीही इथंच अडलो, ताई," ते पडद्याकडे बघतच म्हणाले. "मना हात उठना नही. एकदा सेव्ह केलं की आतूनबी गेला ना तो. म्हटलं, उद्या करू. दुसऱ्या कुणाचं सेव्ह करायला गेलो तरी हा पुसला जाणार. मग राहिलंच."

मी म्हटलं, "भाऊ, पोर्ट बंद करा आणि नाव राहू द्या. तसं करता येत नाही का?"

"येतं. पण नियम…"

"नियम केला कुणी? तुम्हीच ना?"

त्यांनी पोर्ट बंद केला. नावाला हात लावला नाही. सेव्हची आज्ञा टाईप केली, जरा थांबले आणि बटण दाबलं.

"काय लिहून आलं, ताई? वाचा जरा. मला नीट दिसत नाही."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. मी वाकून वाचलं, "ओके आलंय, भाऊ."