वसुलीवाल्यांचे कांबळेसाहेब

वसुलीच्या फोनची वाट पाहणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे कांबळेसाहेब. दिवाणी कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, घरात एकटेच. कोणाला जुन्या कर्जाचा फोन आला की तो त्यांच्या हातात दिला जाई. ते चष्मा पुसत, वही उघडत आणि शांतपणे म्हणत, "शेवटचा हप्ता भरल्याची तारीख सांगा." समोरचा धमकावू लागला की आणखी शांत होत. "अहो, लावा की दावा. मी डबा घेऊन येतो. कोर्टात सावली चांगली आहे."

माझा धंदा बुडाला तेव्हाचं कर्ज एका एजन्सीने विकत घेतलं होतं. शेवटचा हप्ता भरून पाच वर्षं झाली होती. त्यांचा माणूस घरी येऊन गोड बोलत होता. उरलेले फेडीन एवढंच लिहून द्या, म्हणाला. मी पेनचं टोपण काढलं होतं. शेजारी येऊन बसलेल्या कांबळेसाहेबांनी ते पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"तीन वर्षांची मुदत कधीच उलटली. तुम्ही लिहून दिलंत, तर मेलेलं कर्ज उठून बसेल."

मग त्या माणसाला चहा पाजून वाटेला लावलं.

याच कांबळेसाहेबांनी माझ्या बायकोच्या ऑपरेशनला साठ हजार दिले होते. कागदाशिवाय. लिहून देतो म्हटलं तर रागावले होते.

पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. रविवारी ते आमच्याकडे पोहे खायला येत. ते पैसे दिल्याला चारेक वर्षं झाल्यावर, अशाच एका रविवारी उठता उठता त्यांनी विचारलं, दातांचं काम काढलंय, थोडे जमतील का. थोडे माझ्याकडे होते. मी हसत म्हणालो, "साहेब, तुमचीही मुदत उलटली की."

तेही हसले. "बरोबर आहे," म्हणाले. "मीच शिकवलंय."

त्यानंतर ते आले नाहीत. तब्येत बरी नसेल, असं मी बायकोला सांगितलं. एका सकाळी दाराच्या भिंगातून ते जिना उतरताना दिसले. आमच्या मजल्यावर त्यांनी चपला हातात घेतल्या आणि भिंतीला धरून, आवाज न करता, ते खाली गेले. मी कडीवर हात ठेवून आतच उभा राहिलो. असे आठ महिने गेले.

शेवटी साठ हजारांचा चेक लिहून वर गेलो. दातांचं काम झालेलं नव्हतं, ते 'या' म्हणताना दिसलेल्या दातांच्या फटींवरूनच कळलं. मी माफीचं काही बोलू लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. चेक न बघता खिशात ठेवला.

"तुमच्या दाराशी थांबलो असतो, तर वसुलीला आलो असं वाटलं असतं," ते म्हणाले. मग जरा चाचरत विचारलं, "आता आलो तर चालेल ना?"