गोफणे गुरुजींचा टॅनर तालुका

बारामतीच्या स्टँडवर सकाळची सव्वासातची इंदापूर गाडी लागली, की गोफणे गुरुजी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे आणि बूड टेकता टेकता जाहीर करायचे, "आज आपल्याकडं बर्फ हाय."

बाहेर आमच्याकडचं ऊन चढायला लागलेलं असायचं. एखादा नवखा प्रवासी विचारायचा, "कुठं हो?"

"टॅनरला."

"हे कुठं आलं? दौंडाकडं?"

"नेब्रास्कात. अमेरिका."

नवखा बिचारा पिशवी मांडीवर ओढून घ्यायचा. आम्ही रोजचे प्रवासी डोळे मिटून घ्यायचो. डोळे मिटलेल्या माणसालाही गुरुजी सोडत नसत, आणि त्यांच्या शेजारची जागा बहुतेक वेळा माझ्याच नशिबी यायची. मी लासुर्ण्याच्या पुढच्या एका गावात हायस्कूलला गणित शिकवायचो, गुरुजी त्याच गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर. दोघंही बारामतीत राहायचो, एकाच आळीत. म्हणजे जाताना गुरुजी, येताना गुरुजी आणि रविवारी दारात गुरुजी. हंगामात उसाच्या बैलगाड्या रस्ता अडवायच्या, मळीचा वास नाकात बसायचा, ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरायचा आणि गुरुजी म्हणायचे, "जगतापसर, आपल्याकडं मक्याची कापणी आसती ह्या टायमाला. बैल न्हाय, गाडी न्हाय. एक माणूस आन् एक मशीन." मी आधीच थकलेला असायचो. त्या गाडीनं माझ्या उमेदीची वर्षं खाल्ली, त्यातली निम्मी टॅनरनं खाल्ली.

टॅनर ही अमेरिकेतली एक काउंटी. काउंटी म्हणजे तालुका, हे गुरुजींचं भाषांतर. मी एकदा 'जिल्हा' म्हणून पाहिलं, तर म्हणाले, "एवढी तुरळक माणसं आन् जिल्हा? जिल्ह्याला कलेक्टर लागतो." क्षेत्रफळ आपल्या इंदापूर तालुक्याएवढं आणि माणसं निमगाव केतकीत मावतील एवढी, असा त्यांचा हिशेब होता. कुठलीही जागा समजून घ्यायची त्यांची एक रीत होती. "आदी चतुःसीमा बघा," असं ते म्हणायचे. मग नद्या, मग जमीन, मग पिकं, मग दळणवळण, मग इतिहास आणि शेवटी लोकसंख्या. तिसरीच्या भूगोलात जिल्हा जसा शिकवतात तसा. आयुष्यभर पुणे जिल्हा शिकवलेल्या माणसाला जगात दुसरी रीत असेल हे पटत नव्हतं.

आता हे टॅनर आलं कुठून, ते सांगून टाकतो, कारण सगळ्या गाडीला ते माहीत होतं आणि गाडीत त्याचा उच्चार कुणी करत नसे. गुरुजींना एकुलता एक मुलगा, बिरू. जनावरांचा डॉक्टर झाला. इथं सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळत असताना एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर तो टॅनरला गेला, मेंढ्यांच्या पैदास केंद्रावर. गुरुजींचा बाप, आजा, पणजा सगळे मेंढरामागं हिंडलेले. घराण्यात पहिल्यांदा गुरुजी शिकले, मास्तर झाले, पक्क्या भिंतीत राहिले. ते दारात उभे राहून म्हणाले होते, "मेंढरातनं भायेर निघायला माझा जलम गेला. आन् तू मेंढरं राखायला साता समुद्रापार निघालास? जा. पर परत हितं पाय ठिवू नगंस." हे सगळ्या आळीनं ऐकलं. बिरूनं तिकडून एक चित्राचं कार्ड पाठवलं. त्यावर पाण्याची एक उंच टाकी, खाली टॅनर काउंटीचं नाव, आणि पाठीमागं एवढंच, 'सुखरूप पोचलो.' पत्ता नव्हता. त्यानंतर तीन वर्षांत काही नाही. पोरगा तिथं आहे का, धड आहे का, परत कधी तोंड दाखवील का, हे गुरुजींना कळायला मार्ग नव्हता आणि विचारायला तोंड नव्हतं. म्हणून त्यांनी तालुक्याची चौकशी सुरू केली.

एका रविवारी ते फुलस्केप कागद घेऊन माझ्याकडं आले. गणित शिकवणाऱ्याला इंग्रजी येतंच, असा त्यांचा समज होता. अर्ज मराठीत तयार होता. 'मा. तहसीलदारसाहेब, तालुका टॅनर, यांचे सेवेशी. विषय : तालुक्याचा इतिहास, भूगोल व लोकसंख्या यांची माहिती मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की...' असा दीड पान. शेवटी 'तसदीबद्दल क्षमस्व'. मी त्याचं जमेल तसं इंग्रजी केलं. 'सेवेशी'ला इंग्रजीत जागा सापडेना, ते तसंच राहिलं. पाकीट बंद करताना बघतो तर गुरुजींनी अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात कोर्ट फी स्टॅम्प डकवलेला.

"गुरुजी, अमेरिकेला हा कशाला?"

"बिगर स्टॅम्पाचा अर्ज कुनी दाखल करून घेतंय व्हय?" ते म्हणाले. तीस वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्या माणसाशी मी वाद घातला नाही.

दोन महिन्यांनी जाडजूड पाकीट आलं. नकाशा, छापील पुस्तिका आणि लोइस नावाच्या बाईंचं पत्र. त्या तिथल्या कचेरीत काम करत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, की इतक्या लांबून आमच्या गावाबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण भेट पाठवलेलं सुंदर तिकीट मी सर्वांना दिसेल असं फळ्यावर लावलं आहे. मी हे वाचून दाखवल्यावर गुरुजींचा चेहरा पडला. "फळ्यावर लावलं? भोक पाडून रद्द न्हाय केलं? म्हंजे अर्ज नोंदीला गेलाच न्हाय." पुढं बरेच दिवस हा काटा त्यांच्या मनात होता. लोइसबाई अव्वल कारकून असाव्यात आणि साहेब रजेवर असावा, असं त्यांनी शेवटी ठरवलं.

पुस्तिका आली आणि आमचे हाल सुरू झाले. मी गाडीतच तिचं तोंडी भाषांतर करायचो आणि गुरुजी दुसऱ्या दिवशी तेच मला नव्यानं सांगायचे. मूळचे लोक हिंडते होते, मग रेल्वे आली, मग जर्मनीहून शेतकरी आले, मग दुष्काळ पडला. दुष्काळाच्या पानाशी गुरुजी हळवे व्हायचे. "समदी माती उडून गेली, जगतापसर. दिवसा दिवं लावलं लोकांनी. आन् त्यास्नी खडी फोडायची कामंबी न्हवती आपल्या बाहात्तरसारखी." आता हे ज्यांच्यावर आलं ती माणसं मरून गेली असतील, तरी सणसर येईपर्यंत गुरुजी खिडकीबाहेर बघत बसायचे आणि मलाही उगाच वाईट वाटायचं.

हवामान ते पुस्तिकेतल्या महिनावार तक्त्यावरून सांगायचे, त्यामुळं सबंध जानेवारी तिथं रोज बर्फ असायचा. पुढं लोइसबाई तिथल्या साप्ताहिकाची कात्रणं पाठवायला लागल्या. त्यांतून गुरुजींना जन्म-मृत्यू कळायला लागले. "काल आपल्याकडचा एक म्हातारा गेला. ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. भला माणूस." एकदा तिथली एक शाळा पोरांअभावी बंद पडली, तर गुरुजींनी दिवसभर डबा उघडला नाही. "पोरं शहरात जात्यात, म्हातारी तेवढी मागं ऱ्हात्यात," ते म्हणाले. मग डबा तसाच पिशवीत सारत, "तितनं समदी निघून चालल्यात. आन् काय काय जनं मुद्दाम तितं जाऊन ऱ्हात्यात. ह्याला काय म्हनावं?" बिरूच्या विषयाच्या इतकं जवळ ते कधी आले नव्हते. तेव्हा मी त्याचं नाव काढायला हवं होतं.

शाळा तपासणीला साहेब आले तेव्हा तर कहर झाला. साहेबांनी तिसरीतल्या एका मुलीला उठवून विचारलं, "आपल्या तालुक्याच्या सीमा सांग बाळ." मुलगी हुशार. तिनं हाताची घडी घातली आणि न अडखळता सांगितलं, की उत्तरेस साउथ डकोटा राज्याची हद्द, पूर्वेस सपाट कुरणे, दक्षिणेस ओढा व रेल्वेचा रस्ता, पश्चिमेस वाळूच्या टेकड्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "गुरुजी, इंदापूरच्या उत्तरेला भीमा होती. कुठं गेली?"

"हाय की साहेब. भीमा, नीरा समदं येतंय तिला. पर तुमी 'आपला' तालुका इचारला."

लेखी खुलासा मागवला गेला. तोही मीच लिहून दिला.

संध्याकाळी मी त्यांच्याकडं खुलाशाचा कागद द्यायला गेलो, तेव्हा काकू, म्हणजे गुरुजींच्या मंडळी, आत भाकरी थापत होत्या. त्या मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाल्या, "समद्या तालुक्याची माहिती मागिवली ह्यांनी. येका पोराची मागवा म्हनावं."

"काय म्हनतीया? स्टोच्या आवाजात कळंना," गुरुजी म्हणाले. स्टोव्ह विझलेला होता. काकू चुलीवर भाकरी करत होत्या.

मला त्या दिवशी दोघांचाही राग आला. एवढा शहाणा माणूस, सगळ्या जगाला चतुःसीमा विचारतो आणि स्वतःच्या घरात ही गत. मी जरा तोडूनच म्हणालो, "गुरुजी, आता पुढचा अर्ज मी लिहिणार नाही. पुरे झालं ते टॅनर."

त्यांनी उठून कपाटातून एक कागद काढला. अर्ज तयारच होता. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, 'सन १९९० चे शिरगणतीत खालील इसमाचा समावेश आहे किंवा कसे, हे कळणेबाबत.' आणि खाली बिरूचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट.

"एवढा येक लिवा," ते म्हणाले. "पुन्यांदा मागायचो न्हाय."

मी विचारलं, शिरगणतीचंच का? जिवंत आहे का, बरा आहे का, हे सरळ विचारावं. तेव्हा गुरुजी हळूहळू बोलले. त्यांचा बाप दरवर्षी दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला वर यायचा. शिरगणती व्हायची फेब्रुवारी-मार्चात. तेव्हा हा कुठल्यातरी खाचरात मेंढरं बसवून. गावात मोजायला यायचे तर घराला कुलूप, आणि कोकणातले म्हणायचे हा आमचा नव्हे. "माझा बाप सत्तर वरसं जगला. सरकारच्या लेखी तेवढा माणूस झालाच न्हाय. म्हनून मी मास्तर झालो. म्हनलं, आपली पोरं कुठंतरी लिवल्याली आसावीत."

मग ते म्हणाले, "एक्क्याण्णवला आपली आळी माझ्याकडंच होती मोजायला."

हे मला आठवत होतं. माझ्या घरी ते तासभर बसले होते.

"स्वतःचं घर शेवटाला घेतलं. नियम हाय, मोजणीच्या मुदतीत जो सबंध भायेर त्याला धरायचा न्हाय. हिनं च्या आणून ठिवला, म्हनली, तिगं लिवा. मी दोन लिवलं." त्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. "माझ्या बापाला दुसऱ्यांनी सोडला. पोराला मी माझ्या हातानं सोडला. नियमच तसा हाय, त्यात चूक न्हाय. पर तितल्यांनी तरी धरलाय का, एवढं कळावं. न्हायतर त्यो कुठंच न्हाय."

आतून भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. मी कागद घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवण्याचं मला काही कारण वाटत नाही.

लोइसबाईंचं उत्तर उन्हाळ्यात आलं. त्यांनी लिहिलं होतं, की शिरगणतीत कुणाचं नाव आहे वा नाही हे सांगायला कायद्यानं बंदी आहे, फार वाईट वाटतं. हे वाचताना मला गुरुजींकडं बघवेना. ते मात्र म्हणाले, "बरोबर हाय. मीबी सांगितलं नसतं." पण खाली आणखी एक ओळ होती. त्या मुलाच्या नावानं पत्र लिहून माझ्या कचेरीच्या पत्त्यावर पाठवा, आमच्याकडं माणसं थोडी आहेत, तो इथं असेल तर मी स्वतः नेऊन देईन.

त्या रविवारी सकाळी गुरुजींनी मला बोलावणं धाडलं. पाटावर एअरमेलचं निळं पत्र पसरलेलं, शेजारी पेन. काकू भिंतीला टेकून बसलेल्या. पत्र कोरं होतं.

"लिवा," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, हे मराठीत लिहायचंय. तुमच्या अक्षराचे फलक आहेत गावोगावच्या शाळांत. माझं अक्षर कुत्रं खायचं नाही."

"म्हनूनच. माझं अक्षर त्यो वळखंल. मीच गिरवून घेतलंय त्याच्याकडनं." ते खाली बघत म्हणाले. "वळखलं तर फोडायचा न्हाय."

मी पेन उचललं. 'चि. बिरूस अनेक आशीर्वाद' इथपर्यंत झालं. मग गुरुजी अडले. पाऊसपाणी सांगू लागले, म्हणाले, नको, खोडा. काकूंच्या गुडघ्याचं सांगू लागले, म्हणाले, तेबी नको. इंदापूर ते नेब्रास्का पानंच्या पानं बोलणारा माणूस, एका ओळीसाठी घाम पुसत होता.

शेवटी ते म्हणाले, "लिवा. एक्क्याण्णवच्या मोजणीत माझ्या हातनं चूक झाली. आपल्या घरात माणसं तीन."

मी गणिताचा मास्तर, समोर दोनच माणसं बसलेली. मी तीन लिहिलं.