सवतीची हरकत नाही

"तांदळातलं नाव पुसता येतंय प्रेमले, कागदावरचं न्हाई. सासरचं नवं नाव घेऊ नको," असं चतुरामावशीने लग्नात बजावलं होतं. मावशी शाळेत शिकवायची, तिला सगळीकडे कागदच दिसायचे. औरंगाबादच्या कॉलेजात इंटर झालेली प्रेमला हसली. नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं 'रमा' हे नाव घेऊन ती जालन्याला, मस्तगडात नांदायला आली.

दोन वर्षांनी तिच्या नवऱ्याला, श्रीपतीला, निजामाच्या मुलुखातून हद्दपार केलं. गुन्हा काय, तर वाचनालयात बंदी असलेलं वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. तो वऱ्हाडात देऊळगावराजाला जाऊन राहिला. बैलगाडीचा एका दिवसाचा रस्ता, पण मध्ये हद्द, आणि हद्दीवर नाका. तेव्हा पोटात असलेला बद्री आता भिंत धरून उभा राहत होता आणि बापाने त्याचं तोंडही पाहिलं नव्हतं. नवऱ्याकडे जायला बायकोला सरकारचा परवाना लागतो, हेच मुळी प्रेमलाला पटत नव्हतं. तरी तिने दरख्वास्त लिहिली आणि बद्रीला कडेवर घेऊन सासूबरोबर कचेरी गाठली.

पेशकार गिरिधररावांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"हद्दपारीच्या हुकुमात बायको रमाबाई. पोराच्या जन्माच्या दाखल्यात आई प्रेमला. ही प्रेमला कोण?"

"मीच. बाळंतपण माहेरी जांबला झालं. तिथं मला प्रेमलाच म्हणतात."

"आन् रमाबाई?"

"तीपण मीच."

"बाई, एका दरख्वास्तीवर एकच बाई असती."

सासू, द्वारकाबाई, पुढे झाल्या. "अवं, माहेरची प्रेमला, सासरची रमा. तुमच्या घरात बदललं न्हाई का नाव?"

"बदललं ना बायकोचं. पण ती कधी कचेरीत आली न्हाई. दोन्हीकडचे साक्षीदार आणा."

पुढच्या आठवड्यात जांबचे पटेल भुजंगराव आले, मस्तगडातले शेजारी रामराव आले. दोघंही सरळ माणसं, शपथेवर वावगं बोलणारी नव्हेत.

"ही आमची प्रेमला," भुजंगराव म्हणाले. "रमा कोण, मला ठावं न्हाई."

"या रमावहिनी," रामराव म्हणाले. "प्रेमला नावाची बाई आमच्या आळीत बिलकुल न्हाई."

"झालं," गिरिधरराव लिहू लागले. "दोन बायका साबित. कायद्यात मनाई न्हाई."

"माझ्या लेकाला एक सांभाळणं जमंना," द्वारकाबाई म्हणाल्या, "आन् तुम्ही दुसरी गळ्यात बांधून राह्यले."

प्रेमलाची कानशिलं तापली. "समोर उभी आहे मी. मोजून घ्या ना, एक की दोन."

"मोजायचं काम माझं न्हाई, लिहायचं हाय. रमाबाईला परवाना मंजूर. पोरगं तिचं न्हाई, ते इथंच आईपाशी राहील."

प्रेमलाने बद्रीला एवढं घट्ट धरलं की तो कुरकुरला. भांडून उपयोग नव्हता, हे तिच्या लक्षात आलं. तिने विचारलं, "आईनं हरकत नाही असं लिहून दिलं तर?"

"मंग चालंल. पण सही माझ्या समोर पायजे."

तिने तिथेच बसून लिहिलं, 'माझा मुलगा बद्रीनाथ यास मी माझी सवत रमाबाई हिच्या ताब्यात राजीखुशीने देत आहे.' खाली प्रेमलाची सही. मग पुन्हा टाक बुडवून, मूल मिळाल्याची रमाबाईची सही.

गिरिधररावांनी कागद उजेडाकडे धरून दोन्ही सह्या पाहिल्या. "अक्षर सारखंच दिसून राह्यलं."

"एकाच घरात राहतो ना आम्ही."

ते त्यांना पटलं. त्यांनी शिक्का मारला आणि हुकूम वाचून दाखवला. रमाबाईने मूल घेऊन जावे. प्रेमलाबाईने जामीन म्हणून जालन्यातच राहावे व दर सोमवारी कचेरीत हजर व्हावे. एक जरी हजेरी चुकली तर रमाबाईचा परवाना रद्द.

रमाबाई त्याच आठवड्यात गुरुवारी नाका ओलांडून गेली. बापाला पाहताच बद्रीने भोकाड पसरलं, आणि श्रीपती त्याला खांद्यावर घेऊन अंगणात फिरत राहिला.

तेव्हा तुमच्यापैकी कुणाचं मस्तगडाकडे जाणं झालं, तर द्वारकाबाईंचं घर विचारा आणि प्रेमलाबाईची जरा खबर घ्या. बिचारी मागे एकटी राहिली आहे. जेवते का, झोपते का, ते राहू द्या. सोमवारी कचेरीत जाते की नाही, एवढं मात्र बघून या.