सुंदररावांनी दहा किलो सर केले

श्रीगणेश आणि आडातील उरलेला गाळ, दोहोंस वंदन करून, शके १९३७ माघमासी तेलगाव परगणियात जे जाहले ते जैसे घडले तैसे लिहितो.

पतपेढीचे चेअरमन, तीन टँकरांचे धनी, जनहितदक्ष राजश्री अर्जुनराव यांनी फर्मान काढिले की, जो सभासद वजन उतरविण्याचे मोहिमेत नाव घालील त्यास दोन किलो साखर तत्काळ बक्षीस, आणि जो दोन महिन्यांत दहा किलो उतरेल त्याचे गल्लीस पाऊस पडेतो रोज एक टँकर इनाम. तहानलेल्यांनी आधी रोडावे, मग प्यावे, ही मसलत थोर; आणि कोणी उतरणारच नाही, हा भरवसा त्याहून थोर.

सव्वा क्विंटल वजनाचे सुंदरराव साखरेच्या आशेने सही करते जाहले. मग त्यांचे कुटुंब भिवराबाई यांनी दुसरे कलम वाचिले, आणि साखर जप्त होऊन चतुराबाई आदिकरून गल्लीतील समस्त हंडेवाल्या सरदारांनी सुंदररावांस वेढा दिला. भाकरी अर्धी जाहली, भजी हद्दपार जाहली, आणि त्रिंबक हाटेलवाल्यास ताकीद गेली की, यांस पेढा दिलास तर गल्लीचा चहा तुटला.

चाळिसावे दिवशी सुंदरराव वेढा फोडून यष्टीने मांजरसुंब्यास पळाले आणि धाब्यावर मटणाचे ताटापुढे बसले. पहिला घास घेतला, तोच शेजारच्या गिऱ्हाइकाने अर्धा जग पाणी हातावर ओतून मोरीत सोडिले. तेवढ्या पाण्यात घरी भिवराबाई दोन नातवांस न्हाऊ घालीत. मग दुसरा घास काही केल्या उतरेना, आणि स्वारी ताट सोडून माघारी फिरली.

"कुठं गेलते?" भिवराबाईंनी पुसिले.

"कपिलधारला. देवाला."

"देव लई तिखट दिसतो. सदऱ्यावर रस्सा हाय."

सुंदररावांनी मान खाली घातली आणि त्या दिवसापासून पाव भाकरीवर शर्थ केली.

चैत्रमासी पतपेढीपुढे काटा मांडिला. उतार नऊ किलो नऊशे ऐंशी ग्रॅम! अर्जुनरावांचे मुखावर तेज आले. "वीस ग्रॅम कमी हायती. नियम म्हंजे नियम," ऐसा निवाडा दिधला.

सुंदररावांनी एकवार मिशीस पीळ भरिला. तीस वर्षांची ती झुपकेदार मिशी. लग्नात सासऱ्यांनी तीच पाहून मुलगी दिधली होती. मग खुर्ची मागवून धर्मराज न्हाव्यास आज्ञा केली, "काढ बे. समदी काढ. डोईचीबी काढ."

तुळतुळीत सुंदरराव पुन्हा काट्यावर चढले. दहा किलो, वर दहा ग्रॅम. अर्जुनरावांनी काटा दोनदा ठोकून पाहिला. काटा फितूर जाहला नाही.

दुसरे दिवशी अर्जुनरावांची तसबीर पुढे लावून टँकर गल्लीत दाखल जाहला आणि जलदानाचे भाषण अर्धा तास चालले. पहिला तांब्या भिवराबाईंनी सुंदररावांचे हाती दिधला, उघड्या ओठांकडे टक लावून पाहिले, आणि पदर तोंडास लावून हसल्या.

"मिशीखाली येवढं गोड तोंड हाय, ते मला तीस वर्सं कुनी सांगितलं न्हाई."

सुंदरराव लाजले. गल्लीत सत्तावीस हंडे भरले. फत्ते जाहली.